यादोरावांचं म्यागझिन

यादोराव हुमणे मला पहिल्यांदा दिसले ते त्यांच्याच घराच्या दारात, हातात पितळेची परात धरून उभे. परात चिंचेनं घासून लखलखीत केलेली होती. पाहुण्यांच्या अंगावर टाकायला त्यात फुलं असतील असं मला वाटलं. जवळ गेले तेव्हा दिसलं, परातीत माचिसच्या डब्या होत्या, बिडीचे कट्टे होते आणि एक चकचकीत लायटर होतं.

त्यांच्या मुलीचं, हर्षाचं, त्या दिवशी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले तेव्हा माझी जुनी शाळा गोंदियाकडे गेली आणि मी विनंती करून बदली घेतली. शहापुरात येऊन मला महिनाही झाला नव्हता. हुमण्यांच्या शेजारी मी खोली घेतली होती, म्हणून बोलावणं होतं. मांडवाच्या दाराशी मुलाकडची मंडळी खोळंबली होती, कारण मुलाच्या मामांनी खिशात हात घालायला नकार दिला होता.

"अजी सोयरे, आम्ही साक्षगंधाले आलो का जेलात?" मामा म्हणाले.

"जेलात तरी बिडी भेटते म्हणते," यादोराव शांतपणे म्हणाले. "माह्या घरी नाई. मांगं तणसीचा ढीग आहे, वरून मांडवाचा कपडा आहे. टाका जी इथं. जाताना मोजून वापस देतो."

लोक हसले. मामा हसले नाहीत. तेवढ्यात आतून एक ठसठशीत बाई पदर खोचत आल्या. त्या मंगलाबाई, यादोरावांच्या पत्नी.

"टाका जी पाहुणे, टाका. माहे बाबा पहिल्यांदा या घरी आले तवा त्याइनं बी टाकली होती. पोरगी देऊन बसले होते, करतील काय!"

आता मामांनाही हसू आलं. त्यांनी माचिस टाकली, सनईची कॅसेट पुन्हा सुरू झाली. यादोराव माझ्याकडे वळले.

"नमस्कार मास्तरीणबाई. तुमची पिशवी?"

माझ्या पिशवीत खरंच एक माचिस होती. सकाळी दुकानातून आणलेली तशीच राहिली होती. मी ती परातीत टाकली. त्यांनी विचारलं, "म्हणजे तुमच्या घरी स्टोव्ह आहे. राकेल कुठं ठेवता?"

"खाटेखाली," मी म्हटलं.

यादोरावांचा चेहरा असा झाला की खाटेखाली मी साप पाळलाय असं सांगितलं असतं तरी इतका झाला नसता. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी सकाळी ते दाराशी हजर झाले, चपला बाहेर काढल्या, आत येऊन खाटेखालची कॅन उचलली आणि म्हणाले, "चला. तुमाले जागा दाखवतो."

त्यांच्या परसात, घरापासून दूरच्या कोपऱ्यात, एक लहानशी कोठी होती. पक्क्या विटांची, वर कवेलू, दार लाकडी. आत वाकून जावं लागे. जमीन परसापेक्षा थोडी खाली, त्यावर वाळू पसरलेली, आणि वाळूवर रॉकेलच्या कॅनी एकीला एक न टेकता मांडलेल्या. कोणाची कुठली ते ओळखू यावं म्हणून प्रत्येकीच्या मुठीला वेगळी चिंधी बांधलेली. आमच्या पलीकडचे बुधराम मासेमारी करत, तळ्यावर आणि नदीवर. त्यांच्या कॅनीला जाळ्याचा निळा दोरा होता. माझ्या कॅनीला यादोरावांनी पिवळी चिंधी बांधली. ती पुढे कितीतरी वर्षं तशीच राहिली.

या कोठीला यादोराव म्यागझिन, म्हणजे दारूगोळ्याचं कोठार, म्हणत. तो शब्द त्यांनी जवाहरनगरहून आणला होता. तिथल्या आयुध निर्माणीत ते कामगार होते. पहाटे हायवेवर जाऊन फॅक्टरीची बस पकडत, दुपारी टळटळीत उन्हात परत येत. तिथं काय करतात ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी एकदा सहज विचारलं होतं.

"माल भरतो," ते म्हणाले.

"कशात?"

"डब्यात."

"कसला माल?"

"भरायचा," म्हणाले आणि पाणी प्यायला उठून गेले.

कामाचं त्यांनी घरी काही आणलं नाही, सवयी मात्र आणल्या. फॅक्टरीच्या गेटवर माचिस-बिडी काढून ठेवावी लागे, म्हणून घराच्या दारातही ती निघाली. तिथं लोखंडाला लोखंड लागू देत नसत, म्हणून म्यागझिनची कडी, कोयंडा आणि कुलूप त्यांनी भंडाऱ्याच्या एका कासाराकडून पितळेचं करून घेतलं होतं. तिथं माल सकाळी लागेल तेवढाच बाहेर निघे आणि उरलेला संध्याकाळी परत आत जाई. म्हणून मंगलाबाईंना दिव्यांपुरतं, चूल पेटवण्यापुरतं रॉकेल उजेडातच काढून ठेवावं लागे. दिवेलागण झाल्यावर म्यागझिन कोणासाठीही उघडत नसे. बुधराम त्याला बारुदखाना म्हणत.

"यादोभाऊ, बारुदखाना खोला जी. सासू आली आहे. तिच्यासाठी दिवा पाहिजे."

"उद्या सकाळी."

"सासू उद्या सकाळी जाऊन राहिली ना!"

"मंग दिवा कायले पाहिजे? अंधारात बसवा. दिसणार नाई तर भांडणार नाई."

त्या गल्लीत बहुतेक घरं कुडाची होती. धानाची मळणी झाली की प्रत्येकाच्या परसात तणसीचे, म्हणजे वाळल्या पेंढ्याचे, ढीग लागत, काही काही तर थेट भिंतीला टेकून. त्या दिवसांत सगळी गल्ली आपलं रॉकेल यादोरावांकडे आणून ठेवी. कोणी ठरवलं नव्हतं. एका वर्षी एकानं ठेवलं, दुसऱ्या वर्षी दुसऱ्यानं, मग ती रीत झाली. पोळ्याला बैल न्यावेत तसे लोक ओळीनं कॅनी घेऊन येत. यादोराव प्रत्येक कॅनीचं बूच फिरवून बघत, बाहेरून फडक्यानं पुसत, मग आत ठेवत.

सरपणाची जागा परसाच्या दुसऱ्या टोकाला होती. दगडांवर आडवी लाकडं टाकून त्यावर मोळ्या रचलेल्या, खालून हवा जावी आणि साप-विंचू बसला तर दिसावा म्हणून. तुऱ्हाट्या वेगळ्या, कारण त्या लवकर पेट घेतात. गवऱ्यांवर पत्रा. चुलीजवळ फक्त त्या दिवसापुरतं सरपण. मंगलाबाई म्हणत, "या घरात भाकरीपेक्षा लाकडाले जास्त मान आहे. भाकर कुठंबी ठेवा, कोणी बोलत नाई."

हे सगळं फॅक्टरीमुळे, असंच मी बरेच दिवस धरून चालले होते. मग एका पावसाळ्यात मंगलाबाईंच्या चुलीपाशी बसले असताना खरं कारण कळलं. लाकडं ओली होती. धूर इतका, की आम्ही एकमेकींना नीट दिसत नव्हतो. मी म्हटलं, "थोडं रॉकेल शिंपडा ना."

मंगलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "साक्षगंधात माही नणंद पाहिली होती का तुमी? सिहोऱ्याची? डाव्या हातावर पदर घेऊन वावरत होती."

मला आठवलं. सबंध जेवण त्यांनी उजव्या हातानं वाढलं होतं, डावा हात पदराबाहेर आला नव्हता.

"ताराबाई. यायची थोरली बहीण. तवा चौदा-पंधराची असंल. असाच पाऊस, अशीच ओली लाकडं. राकेल दारूच्या शिशीत, शिशी चुलीपाशी. राखेत लाल इंगोल आहे हे तिले दिसलं नाई. शिशी वाकडी केली अन् जाळ धारेवरून वर चढला. शिशी हातातच फुटली. हात कोपरात आखडला थो अजून सरळ नाई झाला. लगन नाई झालं. तिकडंच दुसऱ्या भावाच्या घरी राहून त्याचीच पोरं वाढवली तिनं. हे तवा लहान होते, दारात उभे होते." त्यांनी फुंकणी उचलली. "म्हणून फुकते बाई. फुकण्यानं कोणी मरत नाई."

असं म्हणून त्या फुंकायला लागल्या आणि खोकल्या. तो खोकला मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला.

नंतरच्या वर्षांत तो वाढत गेला. हर्षा सासरी गेली, मुलगा सुगत नागपूरला एका कंपनीत लागला, यादोराव निवृत्त झाले. सगळं बरं चाललं होतं आणि मंगलाबाईंचा दम मात्र कमी होत होता. भात शिजेपर्यंत त्या दोनदा अंगणात येऊन खांबाला धरून उभ्या राहायच्या. मी शाळेत निघाले की त्या मला खांबापाशी दिसायच्या. हातानंच 'जा, जा' म्हणायच्या, कारण बोलायला श्वास नसायचा.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की औषधं देतो, पण चुलीपुढं बसणं सुरू राहिलं तर औषधांचा उपयोग नाही. आणखी दोन-तीन पावसाळे असेच काढले तर बाईंना अंगण ओलांडणंही जड जाईल.

त्या रविवारी सुगत आला. माझ्याकडे साखर मागायच्या निमित्तानं मंगलाबाईंनी मलाही बोलावून घेतलं. बाहेरचं माणूस बसलेलं असलं की यादोराव आवाज चढवत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं.

"बाबा, मी गॅसचं पक्कं करून आलो," सुगत म्हणाला. "पुढच्या आठवड्यात सिलेंडर येते."

"वापस कर."

"काहून? गल्लीत सगळ्याइकडं आला. बुधरामकाकाकडं बी आला."

"बुधराम नदीत बी उडी मारते. तू मारतं का?"

"फॅक्टरीच्या क्वार्टरात पाहा ना. तुमच्यासोबत काम केलेले लोक. सगळ्याच्या घरी गॅस."

"थ्या लोकाइनं ताराबाईले पाहिलं नाई."

 हे नाव त्या घरात भांडणात कोणी काढत नसे. मंगलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"अजी, तुमाले राकेल दिसते. माचिस दिसते. तणस दिसते. रोज सकाळ-संध्याकाळ माह्या घरात धूर भरते थो नाई दिसत? थो कोणत्या कोठीत ठेवता तुमी? त्याले पितळेचं कुलूप नाई लावलं?"

 यादोरावांनी कमरेची डबी काढून चिमटीभर नस, म्हणजे तपकीर, ओढली. बिडी कायमची सोडल्यापासून त्यांना नसेची सवय लागली होती. डबी मिटवायला त्यांना बराच वेळ लागला.

"येऊ दे," ते शेवटी म्हणाले. "पण थे घरात राहणार नाई. म्यागझिनमध्ये राहील. मी सकाळी आणीन, सैपाक झाला का मी वापस ठेवीन."

"रोज?" सुगतनं विचारलं.

"रोज. माल कोणी टेबलाखाली ठेवून झोपते का?"

गॅस आला. ओट्यावर शेगडी बसली. मंगलाबाईंनी पहिल्या दिवशी खीर केली आणि गल्लीत वाटली. तेव्हापासून एक नवा कार्यक्रम सुरू झाला. सकाळी यादोराव म्यागझिनचं कुलूप काढत, सिलेंडर तिरपं करून बुडाच्या कडेवर गोल गोल फिरवत परसातून स्वयंपाकघरात आणत, टोपी काढत, रेग्युलेटर बसवत. स्वयंपाक झाला की रेग्युलेटर काढत, टोपी घालत आणि सिलेंडर परत नेऊन कुलूप लावत. संध्याकाळी पुन्हा तेच. निवृत्त माणसाला ड्युटी मिळाली होती.

"सुनेले रोज माहेरी पोचवून राहिले," मंगलाबाई मला कुंपणावरून ओरडून सांगत. "अन् रोज आणाले जाते! अशी सून कोणाची नसंल, बाई!"

ओरडून सांगत, हे महत्त्वाचं. पावसाळाभर त्या खांबापाशी दिसल्या नाहीत. खोकला होता, पण तो आता कधीमधी. आवाज परत आला होता, आणि त्याचा त्या पुरेपूर उपयोग करत होत्या. घरोघरी दूध-भाजीची चौकशी कुंपणावरून व्हायला लागली. मला फार बरं वाटायचं.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दोघं नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. दरवर्षी जात, पण या वर्षी परतीला सुगतच्या खोलीवर मुक्काम केला. म्यागझिन त्या काळात बंद होतं. निघायच्या सकाळी स्वयंपाक आटोपून यादोरावांनी सिलेंडर नेहमीसारखं आत ठेवलं होतं, कुलूप ओढून पाहिलं होतं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात घातली होती. 'जानव्यासारखी' हा बुधरामांचा शब्द. त्यावरून यादोरावांनी त्यांना चांगलं सुनावलंही होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं बसमधून उतरून घरी आले. मी त्यांचं दूध ठेवून घेतलं होतं ते द्यायला परसाच्या दारानं गेले. बुधरामही तिकडूनच येत होते. एका हातात बादली, बादलीत नुकत्याच आणलेल्या मासोळ्या, तोंडात पेटलेली बिडी. यादोराव नुकतेच परतले होते, दाराशी परात अजून आली नव्हती. बुधरामांना आपली कॅन हवी होती. लाईट गेलेली होती आणि घरात दिव्यात थेंब नव्हता.

यादोराव किल्ली काढत म्यागझिनकडे चालले होते. मंगलाबाई मागून हातपाय धुवायला मोरीकडे जात होत्या. त्या एकदम थांबल्या.

"अजी, थांबा. वास येऊन राहिला."

"राकेलचा असंल. कालपासून बंद आहे."

"हा राकेलचा वास नोहे. माह्या शेगडीचा आहे."

यादोरावांनी दोनदा श्वास ओढला. त्यांना काही कळलं नाही. इतक्या वर्षांच्या नसेनं त्यांच्या नाकाचं काम केव्हाच थांबवलं होतं. ते मंगलाबाईंकडे बघत राहिले. आणि तेवढ्यात मंगलाबाईंचं लक्ष बुधरामांकडे गेलं.

तो आवाज मला आजही आठवतो, पण त्याचं वर्णन करता येत नाही. जिला वर्षापूर्वी 'जा' म्हणायला श्वास पुरत नव्हता, त्या बाईनं हाक मारली, "बुधराम! बिडी!"

बुधराम जागच्या जागी थबकले. बिडी तोंडातून काढून बादलीतच बुडवली.

"काय झालं वैनी? मासोळ्या तर मेलेल्या आहेत. आता बिडीनं अजून मारू का?"

   पुढचं यादोरावांनी एखादं रोजचं काम असावं तसं केलं. बुधरामांना आणि मला कुंपणापलीकडे पाठवलं. मंगलाबाईंना सांगितलं की लाईट आली तरी कोणतंही बटण दाबायचं नाही. पितळेचं कुलूप हळूच काढलं, दार सताड उघडलं आणि बाजूला सरकून उभे राहिले. आता तो वास आम्हालाही आला. बऱ्याच वेळानं ते आत गेले, सिलेंडर उचलून आणलं आणि उघड्या परसात उभं करून ठेवलं. मग त्याच्यापासून दूर, एका दगडावर जाऊन बसले.

संध्याकाळच्या आत एजन्सीचा मेकॅनिक आला. तरुण, बोलका मुलगा. त्यानं टोपी काढून बघितली, तिला बारीक चीर गेली होती. आतलं रबरी वायसर चेपून एका बाजूला फाटलं होतं.

"काका, रेग्युलेटर रोज काढता का?"

"दिवसातून दोनदा."

"कायले जी? हे काय सायकल आहे, रोज पंप लावाले? वायसर झिजणारच. अन् ठेवलं कुठं होतं?" त्यानं म्यागझिनमध्ये वाकून बघितलं. "बापा! खोलगट जागा, खिडकी नाई, दार बंद, बाजूले राकेल! काका, हा गॅस वर नाई जात. खाली बसते, पाण्यासारखा. याले कोंडाचं नाई. उभं ठेवा, सैपाकघरात, शेगडीच्या खालच्या अंगाले, खालून हवा जाईल असं. काम झालं का बटण बंद करा. बस."

त्यानं वायसर बदललं, साबणाचं पाणी लावून पाहिलं, नवी टोपी दिली, मंगलाबाईंनी दिलेला लाडू खाल्ला आणि गेला.  म्यागझिनच्या उंबऱ्यावर यादोराव बसून राहिले. त्या माणसानं आयुष्यभर एकच काम केलं होतं, आगीला घरापासून दूर ठेवायचं. आणि आज त्यांनी स्वतःच्या हातानं, कुलूप लावून, ती परसात जमवली होती. ते दारात माचिस काढून घेत नसते, कुलूप लोखंडाचं असतं, तर कदाचित एका ठिणगीनं सगळं पेटलं असतं, हेही तितकंच खरं. पण ते त्यांना कोणी त्या वेळी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

मंगलाबाई त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मी निघायला वळले, पण त्यांनी मला हातानं थांबवलं.

"आता वापस करा म्हणाल सिलेंडर," त्या म्हणाल्या. "करा. उद्यापासून मी चुलीपुढं बसते. पण मंग मले खोकू नको म्हणाचं नाई. अन् थो डॉक्टर काय बोलला थे बी इसरून जाचं. तुमाले जे भेव वाटते थे मले समजते. ताराबाईचा हात मी धुतला आहे, तेल लावून दिलं आहे. पण माहा बी जीव आहे ना, जी?"

यादोराव उठले. आम्हाला वाटलं, सिलेंडरकडे जातील. ते घरात गेले आणि छन्नी-हातोडा घेऊन आले. स्वयंपाकघराच्या भिंतीला बाहेरून, अगदी जमिनीलगत, ओट्याच्या खालची जागा त्यांनी बोटं लावून मोजली आणि घाव घालायला सुरुवात केली. सिलेंडर तोवर परसाच्या पार दुसऱ्या कडेला नेऊन ठेवायला मात्र ते विसरले नाहीत. विटा पक्क्या होत्या. अंधार पडायच्या आत भोक आरपार झालं. उंदीर-साप येऊ नये म्हणून त्यांनी त्याला जाळी मारली. मग सिलेंडर आत आणून ओट्याखाली उभं केलं आणि मंगलाबाईंना म्हणाले, "आता इथंच राहू दे तिले."

"कोणाले?"

"सुनेले."

मंगलाबाई हसायला लागल्या, आणि हसता हसता खोकल्या, आणि यादोराव पाणी आणायला धावले.

त्या रात्री ते झोपले नाहीत असं मंगलाबाई सांगत. पण सिलेंडर काही त्यांनी बाहेर नेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नसेची डबी बुधरामांना देऊन टाकली. नाक परत यायला पाहिजे म्हणाले. नसेशिवाय त्यांचे काही महिने फार वाईट गेले. चिडचिड व्हायची, डोकं धरून बसायचे. मग एके सकाळी कुंपणावरून त्यांनी मला विचारलं, "मास्तरीणबाई, तुमच्याकडं आज मेथी आहे काय?" मी होय म्हटलं. "वास आला," ते म्हणाले, आणि एखाद्या पोराला पहिला नंबर मिळावा तसे आत सांगायला गेले.

मेकॅनिकच्या सांगण्यावरून म्यागझिनला दोन झरोकेही पाडले. रॉकेल तिथंच राहिलं. पण तेही हळूहळू कमी झालं. रेशनवर आधी अर्धं मिळू लागलं, मग कधीतरी मिळू लागलं, मग बंदच झालं. कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या आल्या, हार्वेस्टर आल्यावर तणसही पूर्वीइतकी घरी येईना. कॅनी एकेक करून परत गेल्या. मळणीच्या दिवसांत गल्लीतली माणसं ओळीनं यायची, उभ्या उभ्या कोणाच्या घरी काय झालं ते सांगायची, कोणाचं लग्न जमलं तेही तिथंच कळायचं. ते सगळं रॉकेलबरोबर गेलं. गॅसनं मंगलाबाईंना श्वास दिला, त्याबद्दल माझ्या मनात दुसरा विचार नाही. तरी त्या ओळीची आठवण येते. माझी पिवळ्या चिंधीची कॅन मी निवृत्त होऊन भंडाऱ्याला राहायला गेले तेव्हा यादोरावांनी स्वतः धुऊन, वाळवून, आणून दिली.

मागच्या उन्हाळ्यात मी शहापूरला जाऊन आले. ताराबाई आता नाहीत. बुधरामांचं तळ्यावर जाणं थांबलं, त्यांच्या पत्नी सखाबाई मासे विकतात. सुगतची बायको नोकरी करते, त्यामुळे शहापुरात दोघंच असतात. यादोराव पंचाहत्तरी ओलांडलेले, कमरेत वाकलेले. मी गेले तेव्हा मंगलाबाई अंगणात बाजेवर बसून वांगी चिरत होत्या आणि आतल्या माणसाला किती हिंग टाकायचा ते ओरडून सांगत होत्या. आतून उत्तर आलं, "मालूम आहे!"

मंगलाबाईंचा दम पुरता गेलेला नाही. मिरचीच्या फोडणीचा ठसका त्यांना सोसत नाही. म्हणून त्या घरात भाज्या यादोराव फोडणीला टाकतात, आणि मंगलाबाई भाजी शिजेपर्यंत बाहेर बसतात.